नमुन्याचा कागद

मंडळाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप घेऊन आपल्या चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी त्यांना सांगून टाकले, की मी काही लेखिका नव्हे. उभ्या जन्मात मी लिहिले ते वाण्याचे हिशेब आणि विणकामाचे नमुने. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "मग काकू, नमुन्यांवरच लिहा की!" त्या थट्टेने बोलल्या असतील, पण मी ते मनावर घेतले. कारण माझ्या कपाटात आईची एक वही आहे, आणि त्या वहीविषयी कधीतरी चार ओळी लिहाव्यात असे फार दिवस मनात होते.

वही साधीच. तपकिरी कागदाचे वेष्टण, शंभर पाने, आत पेन्सिलीने काढलेली चौकटीची चित्रे, कोठे कोठे टाचणीने टोचलेला लोकरीचा तुकडा. मधल्या एका पानावर घडी घातलेला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर आईच्या अक्षरात 'सु. उ. सु. उ.' अशा ओळीच्या ओळी आहेत. अनोळखी माणसाला तो मंत्र वाटेल! पहिल्याच ओळीतला ९० हा आकडा खोडून वर ११० केलेला आहे. त्या खोडलेल्या आकड्याची हकिगत मी पुढे सांगणार आहे. पण त्याआधी थोडे लांबून यावे लागेल.

मी शाळेत होते त्या दिवसांत आईने दुसुतीवर एक टेबलक्लॉथ भरला होता. दादाच्या लग्नात वहिनीला द्यायचा म्हणून तीन महिने रोज दुपारी ती खिडकीशी बसत असे. कोणीतरी आग्रह केला म्हणून तो तिने एका हस्तकलेच्या प्रदर्शनात ठेवला. परीक्षण करणाऱ्या बाईंनी तो उलटा करून पाहिला, मागची सफाई पाहून मान डोलावली, आणि म्हणाल्या, "काम छान आहे हो, पण हे पुस्तकातून उतरवलेले. यात तुमचे काय?" आई काही बोलली नाही. घरी येऊन तिने टेबलक्लॉथची घडी घातली आणि स्वयंपाकाला लागली. वहिनीला तो मिळाला, पण देताना आई म्हणाली, "पुस्तकातलाच आहे बरं का." ते तिचे वाक्य मला अजून बोचते. नमुना पाहून केलेली वस्तू आपली की नमुना छापणाऱ्याची, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला. पुढे सवड मिळाली तेव्हा मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

भरतकामाच्या नमुन्यांचे छापील पुस्तक युरोपात पहिल्यांदा निघाले ते जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरात, १५२३-२४ च्या सुमारास. काढणारा शोन्स्पर्गर नावाचा मुद्रक. म्हणजे छपाईची कला तेथे रुळून शंभर वर्षेही झाली नव्हती, तोच धर्मग्रंथांच्या शेजारी टाक्यांची पुस्तके येऊन बसली. व्हेनिसमध्ये पागानिनो नावाच्या मुद्रकाने १५३० च्या सुमारास असेच पुस्तक काढले. त्यात एक चित्र आहे, ते मला फार आवडते. चार बायका कागदावरचा नमुना कापडावर उतरवीत आहेत. एक खिडकीच्या उजेडाला धरून उतरवते आहे, एक चौकटीखाली दिवा ठेवून; आणि एकीने कागदाला सुईने भोके पाडून त्यावर पूड घासली आहे. आपण काय वेगळे करतो? कार्बनचा कागद महाग होता तेव्हा मी स्वतः खिडकीच्या काचेवर कापड धरून मोर उतरवले आहेत, हात अवघडून जाईपर्यंत. आणि भोके पाडलेल्या कागदाविषयी तर बोलायलाच नको. आपल्याकडे जरीकाम करणारे कारागीर त्याला खाका म्हणतात. कागद टोचून त्यावर रॉकेलात कालवलेली नीळ किंवा खडू फिरवतात. रांगोळीचे भोकाचे कागद तर आपण सगळ्यांनीच वापरले आहेत. हजारो मैलांवरच्या बायकांनी एकमेकींना न विचारता तीच युक्ती काढावी, याची मला मौज वाटते.

ही जुनी पुस्तके आज फार थोडी उरली आहेत. ती वाळवीने खाल्ली असे नव्हे. ती वापरून संपली. पाने फाडून घेतली, टोचून घेतली, चाळण झाली की टाकून दिली. नमुन्याच्या पुस्तकाला याहून चांगले मरण कोणते?

पण पुस्तक विकत घेणे हे श्रीमंतांचे काम. बाकीच्यांनी काय करावे? त्यांनी कापडाच्या पट्टीवरच नमुने भरून ठेवावे. शाळेत शिवणाच्या तासाला आपल्याकडून एका चौकोनी कापडावर धावदोरा, उलटी टीप, साखळी, काज, गाठीचा टाका असे सगळे करून घेत आणि ते वहीत चिकटवायला लावीत. त्याचीच ही पूर्वज. इंग्लंडातली तारीख घातलेली अशी सर्वांत जुनी ज्ञात पट्टी १५९८ सालची आहे आणि ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने ती भरली. तिच्यावर फुलांचे, वेलींचे, कुत्र्याचे, हरणाचे नमुने आहेत, आणि अक्षरे भरून लिहिले आहे, की अ‍ॅलिस ली ही मुलगी १५९६ च्या नोव्हेंबरात जन्मली. म्हणजे एका लहान मुलीच्या जन्माची आठवण म्हणून भरलेली ही नमुन्यांची पट्टी. आपल्या बाळंतविड्याशी तिचे नाते मला दिसते. झबले, टोपडे, कुंची, दुपटे, मोजे हे सगळे शिवून-विणून द्यायचे, आणि ते देताना हातही द्यायचा: ही मुलगी मोठी झाली की याच पट्टीवरून शिकेल.

आपल्याकडची रीत कागदावाचूनची. कर्नाटकी कशिदा काढणाऱ्या बायका कापडावर रेघ ओढीत नाहीत, सूत मोजतात. गोपूर, तुळशीवृंदावन, पाळणा, हत्ती, सगळे मोजून, आणि गवंती टाका असा, की दोन्ही बाजू सारख्याच दिसाव्यात. नवरीची काळी चंद्रकळा अशा कशिद्याने भरलेली असे. नमुना कोठला? आजीच्या लुगड्यावरचा. संक्रांतीचे हलव्याचे दागिनेही तसेच. मंद आचेवर परातीत साबुदाणा किंवा तीळ घोळवीत साखरेच्या पाकाचे थेंब सोडायचे, काटा येईपर्यंत. दिवस जातात त्यात. मग तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, मुकुट यांचे आकार. आमच्याकडे त्यांचे पुठ्ठ्यावर कातरलेले आकार एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात असत आणि पौष लागला की गल्लीतून फिरत. नव्या सुनेची पहिली संक्रांत किंवा नातवाचे बोरन्हाण ज्या घरी असेल तेथे डबा जाई. माझ्या बाजूबंदाचा पुठ्ठा कोणाकडून आला होता ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि "यात तुमचे काय?" असे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. सणाला घरच्या माणसांसाठी स्वतः वस्तू करायची आणि ती छापील नमुन्यावरून करायची, या दोन गोष्टींची गाठ पक्की बसली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती बसवली नाताळाने. जर्मनीत नाताळच्या आदल्या संध्याकाळी झाडाखाली भेटी मांडायची पद्धत होती. त्याच देशात, बर्लिन शहरात, १८०४ च्या सुमारास फिलिप्सन नावाच्या छापखानदाराने चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला काढले. एक चौकट म्हणजे एक टाका. चौकटीचा रंग तोच लोकरीचा रंग. १८१० मध्ये विटिख नावाच्या तसबिरी विकणाऱ्या गृहस्थाची पत्नी स्वतः उत्तम भरतकाम करणारी होती. फिलिप्सनचे नमुने तिला रुचेनात. तिने नवऱ्याच्या मागे लागून अधिक चांगले नमुने काढायला लावले. तो धंदा इतका चालला, की १८४० पर्यंत निरनिराळे सुमारे १४,००० नमुने निघाले होते असे तेव्हाच्या पुस्तकांत नमूद आहे. १८३१ साली लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरचे विल्क्स नावाचे व्यापारी ते आणि त्यांना लागणारी मऊ लोकर मोठ्या प्रमाणात आणू लागले, आणि इंग्लंडात त्याचे वेड लागले.

वेडच म्हणायचे. खुर्च्यांच्या गाद्या, पाय ठेवायची चौरंगी, उशांचे अभ्रे. आणि पुरुषांसाठी सपाता, पाटलोणीचे पट्टे, धूम्रपानाच्या टोप्या. सपातांचा वरचा भाग घरी भरायचा आणि मग तो चांभाराकडून तळाला शिवून आणायचा. गुलाब, पोपट, झोपलेले कुत्रे हे ठरलेले विषय. आमच्या आजोळी माजघरात चौकटीत बसवलेला एक लोकरी पोपट होता. त्याच्या डोळ्याला बरोबर चार चौकोनी टाके होते. तो कोणी भरला हे घरात ठाऊक होते. त्याचा नमुना कोठून आला हे विचारायला मी फार उशिरा मोठी झाले. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने डांबरापासून जांभळा रंग बनवला. मग असले भडक रंग लोकरीत आले, की त्या काळचे नमुने पाहताना आजही डोळे दिपतात. मला स्वतःला ते आवडत नाहीत. पण ते भरणाऱ्या बायकांना काळोख्या हिवाळ्यात असा रंग मांडीवर घेऊन बसायला आवडत असेल, तर तक्रार करणारी मी कोण?

आपल्या भगिनींपैकी पुष्कळजणींनी शांताबाई शेळके यांची 'चौघीजणी' वाचलेली असेल. लुइझा मे अल्कॉट यांची ती मूळ अमेरिकन कादंबरी १८६८ सालची. त्यातली भित्री, अबोल बेथ आठवा. शेजारच्या म्हाताऱ्या लॉरेन्स आजोबांनी तिला त्यांच्या घरचा पियानो वाजवू दिला म्हणून ती त्यांच्यासाठी सपाता करते. बहिणींशी पुष्कळ खल करून नमुना निवडते; जांभळ्या जमिनीवर पॅन्सीची फुले. अवघड जागी थोरल्या बहिणी मदत करतात. आणि त्या सपाता पोचल्यावर आजोबा आपल्या वारलेल्या नातीचा छोटा पियानो तिच्याकडे पाठवून देतात. त्या काळी असा सपातांचा नमुना घरोघरी होता. बेथचा काही जगावेगळा नव्हता. पण म्हाताऱ्याने "नमुना कोणत्या दुकानचा?" असे विचारले नाही! त्याच कादंबरीच्या आरंभी नाताळात आईला भेटी द्यायच्या म्हणून बेथ रुमालांना किनार शिवते आणि त्यावर अक्षरे भरते, हेही ध्यानात असेल.

ही हौस घरोघर नेण्याचे काम मासिकांनी केले. फिलाडेल्फियात १८३० मध्ये निघालेले गोडी यांचे स्त्रियांचे मासिक हे त्यात सर्वांत मोठे. १८३७ पासून चाळीस वर्षे त्याच्या संपादिका सारा जोसेफा हेल होत्या. पाच मुलांना घेऊन वैधव्य आलेली ही बाई. लेखणीवर तिने घर चालवले. १८६० च्या सुमारास मासिकाचा खप दीड लाखावर होता. लंडनच्या एका साप्ताहिकाने १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब नाताळच्या झाडाभोवती उभे असलेले चित्र छापले होते. गोडींच्या मासिकाने १८५० मध्ये तेच चित्र राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा काढून अमेरिकन कुटुंब म्हणून छापले! नमुना उतरवण्याची कला संपादकांनाही अवगत होती म्हणायची. नाताळ जवळ आला की अशा मासिकांतून सुया ठेवायच्या पुस्तिका, टाचण्यांच्या उश्या, पाकिटे, बाहुल्या यांच्या कृती येत. खेड्यात एकट्या पडलेल्या, शिकवायला सासू ना आई अशा बाईला तो कागदच गुरू झाला.

परंतु टीका करणारेही होतेच. चौकटी मोजून भरायचे यात कला कसली, असे म्हणणारा एक पक्ष इंग्लंडात उभा राहिला. १८७२ मध्ये लंडनला कलात्मक भरतकामाची शाळा निघाली तीही याच असंतोषातून. तेव्हा आमच्या परीक्षकबाईंचा प्रश्न शंभर वर्षांचा जुना होता. त्याही तो कोठून तरी उतरवूनच आणीत होत्या.

विणकामाची गोष्ट आणखी निराळी, कारण तेथे चित्र पुरत नाही. कृती शब्दांत सांगावी लागते. एडिंबरोमध्ये जेन गॉगेन नावाची बाई नवऱ्याबरोबर लोकरीचे दुकान चालवीत असे. गिऱ्हाईक बायका विचारीत, हे कसे विणायचे? ती लिहून देई. १८४० मध्ये तिने त्याचे पुस्तक केले. प्रत्येक टाक्याला तिने अक्षराची खूण ठरवली, म्हणजे ओळ थोडक्यात बसते. तिच्या खुणा पुढे मागे पडल्या, पण पद्धत राहिली. आपल्या आयांनी 'सुलट'चा सु. आणि 'उलट'चा उ. केला, तो हाच संसार मराठीत थाटला. गणितासारखी ही एक लिपी आहे, आणि ती स्वयंपाकघरात, देवघरात, गच्चीवर ऊन खात बसलेल्या बायकांनी वापरली म्हणून कोणी तिला लिपी म्हणत नाही.

येथे मला एका गोष्टीपाशी थांबले पाहिजे, कारण भेटवस्तूंच्या गोड बोलण्यात ती निसटते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्ककडील मठांतल्या जोगिणींनी आणि मोनाहन परगण्यातील क्लोन्स गावी पाद्रीसाहेबांची पत्नी मिसेस हँड यांनी बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली. मादमोआझेल रिएगो यांनी छापलेल्या क्रोशाच्या नमुन्यांचा या कामाला फार उपयोग झाला. व्हेनिसच्या महागड्या सुईच्या लेसची ती क्रोशाने केलेली नक्कल होती. पण तिच्यावर घरे जगली. एकेक घर एकेक फूल विणण्यात तरबेज झाले, आणि परके माणूस दारात आले की बायका आपला नमुना पदराआड करीत असे सांगतात. यात नवल नाही. आपण संक्रांतीचा पुठ्ठा गल्लीभर फिरवला, कारण त्यावर आपली भाकरी अवलंबून नव्हती. त्यांची होती.

उलट बाजूही आहे. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडच्या राणी मेरीने सैनिकांसाठी मोजे आणि लोकरी पट्टे विणण्याचे आवाहन केले. सुखवस्तू बायका हौसेने विणू-शिवू लागल्या, आणि ज्या गरीब शिवणारणींचे पोट त्यावर होते त्यांनी ओरड केली, की हे फुकटचे काम आमचा घास काढते आहे. मेरी मॅकआर्थर या कामगार पुढारी बाईंनी ते गाऱ्हाणे राणीपर्यंत नेले आणि बेकार स्त्रियांना मजुरीचे काम देण्यासाठी निधी निघाला. मंडळात दिवाळीच्या विक्रीसाठी आपण वस्तू करतो तेव्हा ही हकिगत मला हटकून आठवते.

कपडे बेतण्याच्या कागदांविषयी थोडक्यात सांगते, कारण तो विषय शिंप्यांचा. मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी बेत विकायला काढले. मुलाचे कपडे बेतताना त्याची पत्नी एलेन म्हणाली, की मापाचा तयार कागद असता तर किती बरे, त्यावरून त्याला सुचले असे सांगतात. कल्पना पत्नीची आणि कंपनीला नाव नवऱ्याचे. विटिखबाईंची आठवण होते. १८८६ मध्ये तेरेझ द दिलमाँ या बाईंनी स्त्रियांच्या हस्तकलांचा कोशच फ्रेंचमध्ये लिहिला. आपण ज्यांचे भरतकामाचे धागे वापरतो त्या डी.एम.सी. कंपनीने तो अनेक भाषांत पसरवला. कोशाबरोबर धागाही खपला, हे ओघानेच आले.

आपल्या प्रांतात हे सारे आले ते मिशनच्या मुलींच्या शाळांतून. अमेरिकन मिशनच्या मिस फरार १८२७ साली मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला गेल्या. असल्या शाळांतून लिहिण्यावाचण्याच्या जोडीला शिवण असे. पुढे आपल्याच लोकांनी ते उचलले. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांच्या अध्यक्षतेखाली सेवासदन निघाले, तेथे शिवणाचे वर्ग चालले, आणि कित्येक निराधार बायकांना त्यातून चार पैसे मिळू लागले. मग मासिकांतून, दिवाळी अंकांतून नमुने येऊ लागले. आईची वही त्यातूनच भरत गेली.

आता त्या कागदाविषयी.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण सुरू झाले. त्यानंतर आठवड्याभरातच दिवाळी होती. मी तेव्हा अकरा वर्षांची. फटाके आणले नाहीत एवढे आठवते. आपले जवान सुती कपड्यांत बर्फात उभे आहेत हे ऐकून जिकडेतिकडे बायका विणायला बसल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्या सुमारास आपल्या मंडळात वर्गणीतून लोकर आली. नमुना मात्र कोणाकडे मोठ्या माणसाच्या मापाचा नव्हता. एका भगिनींकडे त्यांच्या दिरांनी अमेरिकेहून पाठवलेले मासिक होते. शेजारच्या काकूंना इंग्रजी येई. त्या वाचून मराठीत सांगत गेल्या आणि आईने हा कागद लिहिला. आईचे शिक्षण मराठी चौथी.

आठ नंबरच्या सुया, नव्वद टाके. तिघीजणींनी रात्रीचा दिवस करून पाठी-पोटे विणली. आईने आपली पाठ बाबांच्या कोटावर ठेवून पाहिली, तर ती पुरेना. वीस इंच हवी, ती सोळा-साडेसोळाच भरली. "तुमचा हात घट्ट आहे," असे काकू म्हणाल्या. आई म्हणाली, "माझा एकटीचा असेल, तिघींचा कसा?" मग तिने विचारले, की कृतीच्या वर बारीक अक्षरांत काहीतरी होते, ते तुम्ही वाचले नाहीत, ते काय? काकूंनी पाहिले. दोन इंचांत नऊ टाके, असे होते. त्याचे काय करायचे ते न कळल्याने त्यांनी ते सोडून दिले होते. आईने आपल्या पाठीवर पट्टी ठेवून मोजले. दोन इंचांत अकरा.

कारण पुष्कळ वर्षांनी मला समजले. विलायती नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन नंबरात जाड होते. अमेरिकेची आठ नंबर सुई पाच मिलिमीटरची. आपल्याकडे चालत ती विलायती आठ चार मिलिमीटरची. हे आईला ठाऊक नव्हते. तिने पाटीवर त्रैराशिक मांडले: नवांना अकरा, तर नव्वदांना किती? एकशे दहा. बगल, गळा, खांदा, प्रत्येक आकडा तिने तसाच काढला. लांबी इंचांतच दिली होती, ती बदलावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी मंडळात फळ्यावर तिने नवे आकडे लिहिले, आणि त्यावरून जे स्वेटर झाले ते सगळे मापाचे झाले. किती झाले ते सांगता येत नाही. दोन ट्रंका भरून गेल्या.

त्या तीन अरुंद स्वेटरांपैकी आईचा तिने उसवला नाही. लोकरीचे पैसे मंडळाच्या पेटीत टाकले आणि तो पुरा केला. माझा धाकटा भाऊ हट्टी. दिवाळीत भाऊबीजेला मी त्याला ओवाळले तेव्हा ताटात त्याच्यासाठी काही ठेवले नव्हते म्हणून तो फुरंगटून बसला होता. डिसेंबरात मी त्याच्या अंगात तो स्वेटर घातला. "ही भाऊबीज," म्हटले. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. पुढे चार हिवाळे त्याने तो घातला आणि शेवटी कोपरे गेले तेव्हा आईने तो उसवून माझ्या पहिल्या बाळंतविड्यातले मोजे विणले.

प्रदर्शनाची गोष्ट यानंतरची. त्या परीक्षकबाईंना हा कागद दाखवावा असे आईला सुचले नाही. मलाही तेव्हा सुचले नाही.

वही मी आता मंडळाच्या कपाटात ठेवायला देत आहे. ज्यांना हवे त्यांनी पाने उतरवून घ्यावीत. फोटो काढला तरी चालेल, हल्ली सगळ्यांना ते सोपे पडते. टोचून चाळण झाली तरी माझी हरकत नाही. फक्त त्या चिकटवलेल्या कागदावरून विणणार असाल तर आधी चार इंचांचा तुकडा विणून आपले टाके मोजा. आणि एक. आईने पाठीचे, पोटाचे आकडे दुरुस्त केले, पण बाहीच्या ओळीत घाईत ४५ तसाच राहून गेला आहे. तेथे ५५ धरावे.